थांबणारा रस्ता

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या शेडमध्ये पूर्वी इंजिनांचे ठोकळे ओतले जात, तिथे आता इंजिनांशिवाय शर्यती होत असत. भट्टी जाऊन वीस वर्षं झाली होती. तिच्या जागी बारा कोष उभे होते. कोष म्हणजे मोटारीचा पुढचा अर्धा भाग समजा: दोन सीटा, स्टिअरिंग, गिअर, पायाखाली तीन पेडल आणि समोर वाकवलेला पडदा. खाली सहा पोलादी पाय. आत बसून दार ओढलं की ते पाय हलू लागत, पडद्यावर रस्ता धावू लागे, आणि ज्यांनी आयुष्यात पेट्रोलचा वास घेतला नव्हता अशी कॉलेजातली मुलं घामाघूम होऊन बाहेर येत.

खऱ्या शर्यतीही तेव्हाच संपल्या होत्या. पेट्रोलवर बंदी आली, रस्त्यावरच्या मोटारी स्वतःच स्वतःला हाकू लागल्या आणि त्या यंत्रांना एकमेकांच्या पुढे जायची काही हौस नव्हती. हौस होती ती माणसांना. ती बिचारी जाणार कुठे? ती या कोषांत शिरली.

शेडचं नाव मगदूम शर्यतशाळा. ती चालवायची शर्वरी मगदूम, वय सेहेचाळीस, आवाज खणखणीत आणि जीभ तिखट. कोषात बसायच्या आधी गाडी निवडावी लागे. यादीत चारशे अकरा गाड्या होत्या. नवीन आलेलं पोरगं नेमकी सगळ्यात बुटकी, सगळ्यात लाल, परदेशी गाडी निवडायचं आणि पहिल्याच वळणाला शेतात जायचं.

"आधी चालवायला शीक, मग मिरवायला," असं म्हणून शर्वरी त्याला एखाद्या साध्या गाडीत बसवायची.

तिचे वडील रणजित मगदूम मात्र यादीकडे बघतही नसत. शाळेतले सगळे त्यांना आबा म्हणत. एकाहत्तर वर्षांचे आबा, डोक्यावर पांढरी टोपी, आणि यादीतली सगळ्यात खडखडी गाडी, म्हणजे जुनी जिप्सी, ही ठरलेली. खऱ्या जमान्यात त्यांनी जिप्सीवर तीन रॅली जिंकल्या होत्या आणि शेवटच्या सहा वर्षांत त्यांच्या डाव्या सीटवर नॅव्हिगेटर म्हणून शर्वरी होती.

आता नॅव्हिगेटर ही चीजच उरली नव्हती. जगभरच्या कोषांत माणूस एकटा बसे आणि डावी सीट म्हणजे पाण्याची बाटली ठेवायची जागा. मगदूम शर्यतशाळेत मात्र जुना रिवाज होता: घाटाची शर्यत दोघांनी करायची. हा रिवाज आबांनी धुक्यापायी काढला होता. गगनबावड्याकडच्या घाटात धुकं उतरलं की उजव्या सीटवरून रस्त्याची कड दिसत नाही. मग नॅव्हिगेटर खिडकीतून डोकं बाहेर काढून कडेचे पांढरे दगड बघतो, वळण कसलं आहे ते आधी सांगतो आणि नेमक्या दगडाशी आला की एकच शब्द ओरडतो: "घे!" त्या शब्दावर आबा स्टिअरिंग फिरवत. डोळ्यांनी बघून नव्हे, त्या शब्दावर. सव्वीस वर्षं ते शर्वरीच्या "घे"वर वळत आले होते, आधी खऱ्या घाटात आणि मग कोषातल्या.

त्या वर्षी आक्रीत घडलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी खऱ्या घाटात, खऱ्या पेट्रोलच्या, खऱ्या जुन्या गाड्यांची शर्यत होणार अशी बातमी आली. एका दिवसापुरती खास परवानगी मिळाली होती. अकरा किलोमीटर रस्ता बंद ठेवणार होते आणि कोषांतल्या वेळेवरून दहा जण निवडणार होते. शर्वरीने वडिलांना न विचारताच फॉर्म भरला. निकाल लागला तेव्हा आबांचा नंबर तिसरा होता. शर्वरी शेडभर नाचली. आबा नुसते "बरं झालं" म्हणाले आणि टोपी काढून डोकं पुसत राहिले. त्यांना भरून आलंय असं तिला वाटलं.

निवडलेल्या प्रत्येकाची तपासणी व्हायची होती. त्यासाठी पुण्याहून डॉ. मृण्मयी सबनीस आल्या. या बाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. कोषातली गाडी खरी वाटते ती त्यांच्यामुळे. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे टक लावून बघायची सवय असलेल्या. शर्वरीने त्यांना ऑफिसात बसवून चहा दिला. बाईंनी चहाला हात न लावता टॅब्लेट पुढे सरकवला.

"तुमच्या वडिलांचा आकडा तीनशे दहा आहे," त्या म्हणाल्या. "मर्यादा दोनशेची आहे."

"कसला आकडा?"

"समयजोडीचा."

"ज्याला 'थांबा' म्हणतात तो? पोरं सारखी बोलतात. पण मॅडम, खरं सांगू का, तो काय असतो ते मला कधी धड कळलेलं नाही. मी कोष पुसते, चालू करते, पैसे घेते."

सबनीसबाई हसल्या. मग त्यांनी चहा घेतला आणि समजावून सांगू लागल्या.

"सुरुवातीच्या काळात कोष बनवणाऱ्यांनी गाडी खरी वाटावी म्हणून जंग जंग पछाडलं. टायरचं रबर किती तापतं, सस्पेन्शन किती दबतं, सगळं शेवटच्या दशांशापर्यंत. तरी चालवणारे म्हणायचे, गाडी खोटी वाटते. काहींना मळमळायचं. गाडीत काही चूक सापडेना. मग मी माणसाकडे बघायला लागले. आता सांगा, मी अशी टाळी वाजवली, तर तुम्हाला ती कधी ऐकू आली?"

"आत्ता. वाजवली तेव्हाच."

"नाही. आवाज कानात शिरून मेंदूला कळेपर्यंत वेळ जातो. दिसायला तर त्याहून जास्त. आणि कळल्यावर हात हलायला आणखी. तरुण माणसात हा सगळा मिळून सेकंदाचा आठवा-दहावा भाग. पण मेंदू लबाड आहे. तो हा उशीर लपवतो. झालेल्या गोष्टीवर 'आत्ता' असा शिक्का मारून ती तुम्हाला देतो. आपण सगळे थोडे मागच्या क्षणात जगतो, प्रत्येक जण आपापल्या उशिराने. कोष मात्र सगळ्यांना एकाच वेळेने हाकत होता. म्हणून तो खोटा वाटायचा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"रस्त्याला थांबायला शिकवलं. पहिल्या तीन किलोमीटरमध्ये, तुमच्या त्या ओळखफेरीत, यंत्र बघतं की वळण समोर आल्यापासून स्टिअरिंग हलेपर्यंत किती वेळ गेला. मग पुढे प्रत्येक वळणाला रस्ता तेवढाच, केसभर, थांबतो. तुम्हाला कळतही नाही. घड्याळही थांबतं, म्हणजे कुणावर अन्याय नाही. त्या दिवसापासून लोक म्हणायला लागले, आता गाडी खरी वाटते."

शर्वरीच्या आता कुठे ध्यानात येऊ लागलं. वय वाढेल तसा माणूस मंदावणार, रस्ता थोडा जास्त थांबणार, आणि माणसाला वाटणार की आपण अजून तसेच आहोत.

"खरा घाट थांबणार नाही," सबनीसबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "ताशी ऐंशीच्या वेगाने तीनशे दहा मिलिसेकंद म्हणजे सात मीटर. कठड्यापासून पुढे सात मीटर काय आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

 घाट शर्वरीला पाठ होता. कठड्यापुढे काही नव्हतं.

"सोमवारी मला अहवाल द्यायचाय," बाई म्हणाल्या. "त्याआधी त्यांना तुम्ही सांगणार की मी सांगू?"

कुणी सांगायचं? वीस वर्षं हा माणूस खऱ्या घाटाची वाट बघत होता. आई गेली तेव्हाही ज्याचा स्टिअरिंगवरचा हात थरथरला नाही, त्याला सांगायचं की तुमचे हात कधीचेच गेले, आम्ही रस्ता थांबवून ठेवला होता म्हणून तुम्हाला कळलं नाही! शर्वरीला ते बोलवेना. तिने दुसरी वाट काढली. थांबा बंद करून आबांना चालवू द्यायचं. त्यांचं त्यांनाच कळू दे.

"आबा, मॅडमना एक फेरी बघायचीय," तिने बाहेर येऊन सांगितलं.

"बघू देत की," आबा म्हणाले आणि जिप्सीत बसले. शर्वरी डावीकडे बसली. पडद्यावर घाट उभा राहिला, दगडन् दगड खऱ्यासारखा, आणि त्यावर पांढरं धुकं. सबनीसबाईंनी ठरल्याप्रमाणे बाहेरून थांबा बंद केला.

पहिल्या मीटरपासून शर्वरीला काहीतरी चुकल्यासारखं झालं. रस्ता अंगावर येत होता. गाडी तिच्या पुढे पळत होती. पांढरा दगड दिसला, ती "घे!" ओरडली, आबांनी फिरवलं, आणि गाडी कठड्याला घासून गेली. दुसऱ्या वळणाला मागचं चाक बाहेर गेलं. चौथ्या वळणाला ती ओरडली, आबांनी तत्क्षणी फिरवलं, आणि जिप्सी कठडा फोडून धुक्यात गेली. कोषाचे सहा पाय एकदम सुटले. दोघंही पट्ट्यांत लटकली. पडदा पांढरा झाला.

"ही गाडी खोटी वाटतीय," शर्वरीच्या तोंडून निघून गेलं.

 आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ पडद्याकडे.

"गाडी बदल," ते म्हणाले.

सव्वीस वर्षांत त्यांनी हे दोन शब्द उच्चारले नव्हते. ते स्वतःच यादी वर-खाली करू लागले. आधी त्यांनी आठशे सीसीची छोटी मोटार घेतली. ती सातव्या वळणाला गेली. मग जुनी डिझेल जीप. ती जरा पुढे जाऊन पडली. मग एक अँबॅसडर, जी चढावर दम टाकायची. तीही नवव्या वळणाला आडवी झाली. शर्वरी प्रत्येक वेळी घसा फोडून ओरडत होती आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत होती, आबा, बस करा. गाड्यांत काही नाही हो. तिला त्यांची कीव आली, आणि आपल्याला आपल्या बापाची कीव यावी याचा रागही आला.

यादीच्या तळाशी कुणीतरी गमतीने घातलेला दुधाचा टेंपो होता. मागे कॅन, पुढे लिंबू-मिरची. आबांनी तो निवडला. बाहेर उभी असलेली दोन-तीन मुलं खुसखुसली. टेंपो चाळीसच्या वर जाईना. शर्वरी "घे" म्हणायची, आबा वळवायचे, टेंपो डुलत डुलत वळायचा. अकराच्या अकरा किलोमीटर चढून तो वर पोचला.

"हीच घेऊया," आबा म्हणाले. घाम पुसता पुसता ते चक्क हसत होते.

"आबा, शर्यत आहे ती! दुधाचा रतीब नाही घालायचा."

"चारचाकी पाहिजे म्हटलंय नव्हं नियमात? ह्याला चार हाईत. मोजून बघ."

शर्वरीला तिथेच रडू फुटलं असतं. ती कोषातून उतरली आणि त्यांच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. आता टाळण्यात अर्थ नव्हता.

"आबा, ऐका. गाड्या सगळ्या बरोबर आहेत. आपला आकडा तीनशे दहा आलाय. इतके दिवस रस्ता थांबायचा आपल्यासाठी, आज मॅडमनी ते बंद केलं. म्हणून गाडी पडतीय. तुमचं... तुमचं वय झालंय, आबा."

"होय की," आबा लगेच म्हणाले. "म्हातारा झालोय मी. एकाहत्तर म्हंजे काय थोडं झालं? नजर गेली, हात जड पडला. सांग मॅडमला तसं लिहायला. आणि चल, भूक लागलीय."

त्यांनी ते इतक्या पटकन मान्य केलं की शर्वरी गांगरली. जो माणूस चपलेचा अंगठा तुटला तरी चांभाराशी तासभर हुज्जत घालतो, तो आयुष्याची हार अशी भाकरीच्या तुकड्यासारखी गिळतो? पण तेवढ्यात सबनीसबाई टॅब्लेट हातात घेऊन लगबगीने आल्या. त्यांचा चेहरा बदलला होता.

"तुम्ही दोघं का बसता?" त्यांनी विचारलं. "आणि तुम्ही ते मध्ये मध्ये ओरडता ते काय?"

शर्वरीने "घे"चा रिवाज सांगितला. बाई ऐकत गेल्या आणि ऐकता ऐकता खाली बाकावर बसल्या.

"हे मला कुणी सांगितलंच नाही. माझं यंत्र एकट्या माणसासाठी आहे हो. दगड दिसला आणि स्टिअरिंग हललं, यात किती वेळ गेला, एवढंच ते मोजतं. मध्ये दुसरं माणूस आहे हे त्याला माहीतच नाही. दगड बघताय तुम्ही. हात फिरवताहेत हे. आणि आकडा पडतोय यांच्या नावावर."

"म्हणजे?"

"म्हणजे मला दोघांना वेगवेगळं बघायला पाहिजे."

"कशाला उगा?" आबा एकदम मोठ्याने म्हणाले. "झालं की काम. मी म्हातारा झालो म्हणून लिहा आणि सोडा. मी सही करतो."

शर्वरीने वडिलांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते.

सबनीसबाईंनी धुकं काढून टाकलं आणि आबांना एकटं बसवलं. थांबा बंदच होता. आबांनी मुकाट्याने जिप्सी घेतली. आणि तो एकाहत्तर वर्षांचा माणूस, कुणीही "घे" न म्हणता, स्वतःच्या डोळ्यांनी बघत, चाळीस वळणांचा घाट एकदाही कठड्याला न शिवता चढून गेला. बाहेरची मुलं टाळ्या वाजवत होती. आबा उतरले तेव्हा त्यांचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता.

"एकशे सत्तर," सबनीसबाई म्हणाल्या. "या वयाला उत्तम."

मग शर्वरी बसली. पडद्यावर नुसता एक पांढरा दगड येई, तो दिसला की तिने बटण दाबायचं. साठ वेळा दगड आला. साठही वेळा तिने दिसल्याबरोबर बटण दाबलं. तिला तसूभरही शंका नव्हती.

"दोनशे नव्वद," बाई म्हणाल्या.

"कसं शक्य आहे? मी दिसल्याबरोबर दाबलं."

"तुम्हाला दिसल्याबरोबर दाबलं. बरोबर आहे."

 मुलं एकेक करून बाहेर सटकली. सबनीसबाई शर्वरीच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"मी शरीराची डॉक्टर नाही, यंत्रांची आहे. त्यामुळे याला काय म्हणतात ते मी सांगणार नाही. पण सेहेचाळीसाव्या वर्षी हा आकडा दीडशेच्या आत हवा. हे वयाचं नाही. नसांचं काहीतरी आहे. उद्याच्या उद्या चांगल्या डॉक्टरांना दाखवा. लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं."

"पण मला काहीच होत नाहीये! हात दुखत नाही, डोळे दुखत नाहीत. मला सगळं वेळेवर दिसतं."

"तसंच दिसणार. आपला उशीर आपल्याला कधीच कळत नाही. मेंदू तो कळू देत नाही. घड्याळ मागे पडलं तर दुसऱ्या घड्याळाशी लावून बघता येतं. पण इथे बघणारंही तेच आणि मागे पडलेलंही तेच." बाईंनी टॅब्लेटवर बोट ठेवलं. "आणखी एक गोष्ट. तुमचे दोनशे नव्वद आणि यांचे एकशे सत्तर, म्हणजे दोघांचे मिळून साडेचारशेच्या वर व्हायला हवे होते. आकडा तीनशे दहाच पडला. उरलेलं हे भरून काढत होते. तुमचा शब्द तोंडातून निघायच्या आत यांचा हात निघालेला असायचा."

शर्वरी आबांकडे वळली. आबा टोपी काढून तिच्या घडीशी चाळा करत होते.

"आबा, तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"दीड वरीस झालं असंल."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत?"

"काय बोलू? तू घे म्हणायचीस अन् दगड मागं गेलेला असायचा. आधी वाटलं माझंच कायतरी चुकतंय. मग दगड ध्यानात ठेवाया लागलो. कोषात काय, पडलं तरी कोण मरतंय? तुला किती बरं वाटायचं गं ओरडाया. तू फॉर्म भरलास तवा मात्र झोप उडाली माझी. आज थांबा बंद झाला अन् मला कळंना, दगड ध्यानात ठेवून वळू का तुझ्या शब्दावर वळू. तुझ्या शब्दावर वळलो. वाटलं, गाडीच हळू मिळाली तर निभंल."

म्हणून तो टेंपो. जिप्सीवरून छोट्या मोटारीवर, तिच्यावरून जीपवर, अँबॅसडरवर, असा तो माणूस पायरी पायरीने खाली उतरत होता. तो आपल्या हातांना झेपणारी गाडी शोधत नव्हता, लेकीचा शब्द जिथे वेळेवर पोचेल अशी गाडी शोधत होता. आणि ती सापडल्यावर मुलांसमोर हसं झालं तरी तो आनंदाने हसला होता. शर्वरीला हुंदका आवरेना. आबा उठून तिच्याजवळ आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

"मला अहवालात नाव लिहावं लागेल," सबनीसबाई थोड्या वेळाने म्हणाल्या. त्यांनाही ते जड जात होतं. "जागा एकच आहे. कोण अपात्र, ते."

"माझं लिहा," आबा म्हणाले. "गावात काय व्हायचं ते माझं होऊ दे. म्हाताऱ्याला हसून लोक चार दिवसांत विसरत्यात. हिचं नाव लागलं तर उद्या हिच्या हातात कोण पोरं देणार शिकायला?"

"खोटं कसं लिहू, काका?"

"इतकी वर्षं रस्ता खोटा थांबवलात की तुम्ही. एक नाव खोटं लिहायला काय होतंय?"

 सबनीसबाईंनी मान खाली घातली.

शर्वरीने टॅब्लेट त्यांच्या हातातून घेतला. डोळे पुसले. अपात्र या शब्दापुढे तिने स्वतःचं नाव लिहिलं: शर्वरी रणजित मगदूम, नॅव्हिगेटर. त्याखाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं की चालक एकटा शर्यत करील, आणि टॅब्लेट वडिलांपुढे धरला. आबांनी चष्मा लावून शेरा वाचला आणि बोटाने तो पुसून टाकला. मग त्या जागी, शाळकरी मुलासारखं एकेक अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं: चालकाची इच्छा नाही.

"आबा, वाट बघितलीत तुम्ही वीस वर्षं!"

"होय. पण कुणाबरोबर जायची?" ते म्हणाले आणि टॅब्लेट बाईंच्या स्वाधीन केला.

सबनीसबाई चारच्या गाडीने पुण्याला गेल्या. जाताना त्यांनी आपल्या ओळखीच्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर शर्वरीला लिहून दिला आणि घरी पोचल्यावर त्यांच्याशी स्वतः बोलते असं दोनदा सांगितलं. आबा आणि शर्वरी शेडबाहेरच्या कट्ट्यावर चहा घेत बसले. ऊन अजून बरंच होतं. समोरून शेजारच्या फाउंड्रीतली माणसं पाळी संपवून चालली होती.

शर्वरी कप धरून विचार करत होती. गेल्या दीड वर्षात कितीतरी गोष्टी बदलल्या होत्या आणि तिला त्या आवडल्याही होत्या. पूर्वी शाळेतली मुलं तिचं बोलणं मधेच तोडायची. अलीकडे ती शांत ऐकून घेत, आणि तिला वाटलं होतं, आपला वचक बसला. भाजीवाली मावशी सुटे पैसे तिच्या तळहातावर ठेवून वरून आपला हात क्षणभर दाबून धरायची. केवढी माया, असं तिला वाटलं होतं. जिना उतरताना आबा नेहमी एक पायरी पुढे असत. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, पुढे पुढे करतो, असं ती हसून सगळ्यांना सांगायची. कुणी तिला काही बोललं नव्हतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळ्यांनी मिळून, न सांगता न ठरवता, तिच्यासाठी रस्ता थांबवून धरला होता, आणि तो थांबला होता म्हणूनच तिला सगळं खरं वाटत होतं.

"आबा," तिने विचारलं, "मी आत्ता बोलतीय ते तरी वेळेवर बोलतीय का?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"होय की," ते म्हणाले.

तिला ते उत्तर लगेच आल्यासारखं वाटलं. खरोखर लगेच आलं की आबा तिच्यासाठी थांबले होते, हे तिला आता कशावरूनच ओळखता येणार नव्हतं.